खांबामागचं बाक

नवे बूट घालून देवळात जाऊ नये, हा धडा मी बंगळूरला शिकलो. तसा तो कुठल्याही गावात शिकता आला असता. पण माझे बहुतेक धडे मी परगावी, लोकांच्या देखत आणि उशिरा शिकलेलो आहे.

पन्नास साल उलटून काही वर्षं झाली होती. नगर जिल्ह्यातल्या एका मिशनच्या गावातून उठून मी बंगळूरला एका कारखान्यात नकाशे काढायच्या कामावर लागलो. गावात आईनं सगळ्यांना 'मुलगा इंजिनियर झाला' असं सांगितलं. मी ते दुरुस्त केलं नाही. परगावी चाललेल्या माणसाला गावानं दिलेली बढती नाकारू नये.

चिकपेटेच्या मागच्या गल्लीत खोली मिळाली. घरमालक मराठीच होते. पण त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आलेले, आणि त्यांच्याबरोबर आलेली मराठी तेव्हापासून कानडीच्या शेजारी राहून राहून पार तिच्या वळणाची झालेली. पहिल्या दिवशी मला वाटलं ते कानडीच बोलताहेत. मी बोलू लागलो तेव्हा त्यांना वाटलं असावं की मी भांडायला आलोय.

"अण्णा, स्वल्प हळू बोला," मालकीणबाई म्हणाल्या. "मराठीच आहे की आपली. पळून नाही जात."

माणसं प्रेमळ होती. सणावाराला ताट यायचं. पण त्यांच्या घरात रविवार नव्हता. म्हणजे कॅलेंडरावर होता, घरात नव्हता. आमच्याकडे रविवार घंटेनं उगवायचा. धुतलेले कपडे घालून सगळी आळी बाहेर पडायची, दारादारातून 'सलाम, सलाम' व्हायचं, आणि कोण आलं नाही हे उपासना सुरू व्हायच्या आत सगळ्यांना ठाऊक असायचं. इथं मी रविवारी उठायचो, दाढी करायचो, आणि मग त्या गुळगुळीत चेहऱ्याचं काय करायचं ते कळायचं नाही. कब्बन पार्कात जाऊन बाकावर बसायचो. समोरच्या बाकावरची माणसं बदलायची. माझ्या बाकावर मीच.

खोटं कशाला बोलू, मी गावात फारसा भाविक नव्हतो. प्रवचनाच्या वेळी छताच्या कौलांवर चिमण्या मोजणारा माणूस मी. पण गावात श्रद्धा वेगळी बाळगावी लागत नाही. ती आळीतल्या विहिरीसारखी असते. गेलं की पाणी. बंगळूरला आल्यावर ध्यानात आलं की माझ्याकडे स्वतःचा पोहरासुद्धा नाही. खोलीत दार लावून प्रार्थना करायला बसलो तर आवाज भिंतीला लागून परत यायचा, आणि तो मला माझाच, तोही खोटा वाटायचा. दोन वाक्यांनंतर काय मागायचं ते सुचायचं नाही. मला काय हवं होतं ते आता सांगता येतं: या गावात एक जागा हवी होती, जिथं मी आलो नाही तर कुणाला तरी कळेल.

शेवटी एकदा ठरवलं आणि जवळच्या एका कानडी मंडळीच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जायला निघालो. दगडी देऊळ, आत जाड जाड खांब. पहिल्याच दिवशी चांगलं दिसावं म्हणून नवे बूट घेतले होते. दुकानदार म्हणाला होता, "पायात बसतील, सरी होतील." सरी म्हणजे ठीक. ते पायात बसले नाहीत, चावले. अर्ध्या वाटेत टाचेची कातडी निघाली. देवळाच्या पायऱ्या मी कठड्याला धरून, एक पाय ओढत चढलो.

दारात मंडळीचे एक वयस्क पंच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या पायाकडे पाहिलं, आणि पुढं होऊन माझा दंड धरला. असा दंड आजवर कुणी धरला नव्हता. हळूहळू चालवत त्यांनी मला बाजूच्या दाराजवळ, एका खांबामागच्या बाकावर नेऊन बसवलं, पाठ थोपटली आणि गेले. माझा ऊर भरून आला. म्हटलं, काय ही माणसं. परक्याचं एवढं स्वागत.

बाक मला फार पसंत पडलं. दार हाताशी होतं, त्यामुळं शेवटच्या गीताला उठून सटकता यायचं आणि कुणाशी कानडीत बोलायची वेळ यायची नाही. शेजारी एक म्हातारी बसायची. पांढरं पातळ, मांडीवर काठी, हातात कापडी पिशवी. तिनं सरकून जागा दिली आणि पिशवीतून एक लवंग काढून माझ्या हातावर ठेवली. पलीकडे हात थरथरणारे एक आजोबा होते.

आता तुम्हाला आमच्याकडची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचा गाढवपणा कळायचा नाही. आमच्या गावात प्रभुभोजनाच्या रविवारी कुणी जागेवरून उठत नाही. पाळक मेजाजवळ प्रार्थना करतात आणि मंडळीतले सेवक ताटल्या घेऊन बाकाबाकांमधून फिरतात. भाकरीचा तुकडा उचलायचा आणि खायचा नाही. तळहातावर धरून डोळे मिटून, मान खाली घालून बसायचं. शेवटच्या बाकावरच्या शेवटच्या माणसापर्यंत भाकर पोचली की पाळक म्हणतात, "घ्या, खा," आणि मग सगळी मंडळी एकदम खाते. सगळ्यांना मिळाल्याखेरीज कुणी खायचं नाही. प्यालेही तसेच, काचेचे छोटे छोटे, प्रत्येकाचा वेगळा.

आणि या देवळातली रीत अशी, की लोकांनी आपापल्या जागेवरून उठून पुढं वेदीजवळच्या कठड्याशी जायचं, गुडघे टेकायचे, आणि तिथं भाकर नि प्याला घेऊन परत यायचं. जे चालू शकत नाहीत किंवा ज्यांचे गुडघे टेकत नाहीत, अशांसाठी खांबामागचं एक बाक ठेवलेलं होतं. सगळ्यांचं झालं की पाळक स्वतः खाली उतरून त्या बाकापाशी यायचे.

हे मला कुणी सांगितलं नाही. तो पहिलाच रविवार नेमका महिन्याच्या प्रभुभोजनाचा होता. खांबाआडून मला एवढंच दिसलं, की लोक उठून पुढं जातात आणि हात जोडून परत येतात. मी मनाशी म्हटलं, इथं आधी पुढं जाऊन पश्चात्तापाची प्रार्थना करत असतील. मग भाकर येईल जागेवर. मी मान घालून डोळे मिटले. आणि भाकर आली की जागेवर. आमच्याच बाकापासून सुरुवात झाली, असं मला वाटलं. मी ती तळहातावर घेऊन, डोळे मिटून, सगळ्यांना मिळायची वाट पाहत बसलो.

बराच वेळ गेला. कुणी 'घ्या, खा' म्हणेना. म्हातारीनं कोपरानं ढोसलं. मी एक डोळा उघडला तर पाळक हातात एकच मोठा प्याला घेऊन माझ्यासमोर ताटकळत उभे. म्हातारीनं माझा हात धरला आणि लहान मुलाला भरवतात तसा माझ्याच तोंडाशी नेला. मी घाईनं गिळलं. प्यायलो. मनात आलं, गरीब दिसते मंडळी, सगळ्यांत मिळून एकच प्याला आहे.

म्हातारीच्या मनात काय आलं ते मला पुष्कळ नंतर कळलं. तिला वाटलं, पोराचे पाय तर गेलेच आहेत, डोकंही जरा मंद आहे.

पुढच्या रविवारी बूट चावले नाहीत, पण मी बाजूच्या दारानं दोन पावलांत त्याच बाकावर जाऊन बसलो; मला चालताना कुणी पाहिलं नाही. पंचांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. तिसऱ्या खेपेला म्हातारीनं माझ्या जागेवर आधीच तिची पिशवी ठेवली होती. मला पाहिल्यावर उचलली. मी त्या पिशवीचा जन्मभर ऋणी आहे. अख्ख्या बंगळुरात माझ्यासाठी कुणीतरी जागा धरली होती.

महिने गेले. म्हातारी मला 'तम्मा' म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. मी तिला 'अज्जी' म्हणायचो. या नात्याचा हिशेब लागत नाही, पण आम्ही दोघांनी तो लावलाही नाही. तिच्याकडून मी चार कानडी शब्द शिकलो. प्रभूची प्रार्थना मंडळी कानडीत म्हणायची, मी मराठीत पुटपुटायचो. माझी नेहमी नंतर संपायची. सगळं देऊळ गप्प झाल्यावर माझा एकट्याचा 'आमेन' मागून यायचा, गाडी चुकलेल्या माणसासारखा. अज्जी तेवढा वेळ डोळे उघडायची नाही. माझा 'आमेन' आला की उघडायची.

एकदा तिनं पिशवीतून एक बाटली काढून दिली. आत काळसर तेल. हातानं काहीतरी चोळल्याची खूण केली. मी विचार केला, या मुलखात माणसं केसांना तेल फार लावतात. माझे केस विस्कटलेले दिसत असणार. रोज सकाळी डोक्याला चोपडू लागलो. कापूर, लसूण आणि आणखी कशाकशाचा असा दर्प यायचा, की कारखान्याच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. ती आधीही बहुधा रिकामीच असायची. आता निदान कारण होतं.

मालकीणबाईंनी एक दिवस दारातूनच नाकाला पदर लावला. "अण्णा, कोणाचं हाड मोडलंय?"

"कुणाचं नाही. डोक्याला लावलंय."

"डोक्याला? अय्यो, हे सांधेदुखीचं तेल. गुडघ्याला लावतात. आमच्या सासूबाई लावायच्या." मग जरा थांबून म्हणाल्या, "डोक्यात सांधा आहे काय तुमच्या?"

तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मला वाटलं, कारखान्यात उभं राहून पाय दुखत असतील असं म्हातारीला वाटलं असेल. किती काळजी करते. एवढं तेल वाया कसं घालवायचं म्हणून उरलेलंही मी केसांनाच लावून संपवलं.

मग तो सकाळचा प्रसंग झाला. कारखान्याची बस सुटत होती. मी डबा सावरत चिकपेटेच्या तोंडापासून जो धावत सुटलो, तो एका हातगाडीला वळसा घालून, एक गटार ओलांडून, चालत्या बसच्या दांड्याला लोंबकळलो. मागं एक जटका, तिकडचा टांगा, थांबला होता. त्याच्यात कोण बसलंय हे पाहायला मला सवड नव्हती.

त्या आठवड्यातला रविवार प्रभुभोजनाचा होता. मी बाकाशी पोचलो तर अज्जी उभी. काठीवर सगळा भार टाकून, पण उभी. मी बसताच तिनं माझे दोन्ही गुडघे हातांनी धरले आणि रडू लागली. "ओडिदे, तम्मा, ओडिदे." धावलास, धावलास. मग वर बोट दाखवून भराभर पुष्कळ बोलली. त्यातलं मला निम्मं कळलं, पण निम्म्यानं काम झालं. ती दवाखान्यात चालली होती. जटक्यातून तिनं मला धावताना पाहिलं. तिनं किती महिने माझ्या पायांसाठी प्रार्थना केली होती. तेलासाठी किती पाला वाटला होता. आणि देवानं ऐकलं.

मी बाकाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. काठीवाली अज्जी. हात थरथरणारे आजोबा. अलीकडे येऊ लागलेली, पाय सुजलेली एक बाई. आणि मी.

त्या दिवशी मी डोळे मिटले नाहीत. खांबाच्या बाजूनं मान काढून पाहिलं. लोक पुढं गेले, गुडघे टेकून बसले, तिथंच त्यांनी भाकर खाल्ली, तिथंच प्यायले. सगळे परतल्यावर पाळक पायऱ्या उतरून, इतक्या मोठ्या देवळातून चालत, फक्त आमच्या बाकाकडे आले. माझ्यापुढं उभे राहिले. मला उठून सांगता आलं असतं की माझा इथं हक्क नाही. माझा हात पुढं गेला. भुकेल्या माणसाचा हात त्याला विचारून पुढं जात नसतो.

शेवटचं गीत सुरू होताच मी दाराबाहेर पडलो. दोन दिवसांनी पंच माझ्या खोलीवर आले: पाळकसाहेबांनी संध्याकाळी बोलावलंय.

पाळकसाहेब ओसरीवर बसले होते. त्यांनी इंग्रजीत सुरुवात केली. माझ्या पायांना गुण आला असं कानावर आलंय, ते खरं का? मी इंग्रजीत दोन वाक्यं जुळवली, ती मोडली, आणि घाबरून मराठीत म्हणालो, "साहेब, माझे पाय कधी गेलेच नव्हते."

ते एकदम पुढं वाकले. "मराठी हाय का तुमी? कुठले म्हणायचे?"

"नगरकडचा."

"आणि इतके दिवस तोंड उघडलं न्हाई? मी बेळगावकडचा की वो."

मग मी सगळं सांगितलं: बूट, खांब, आमच्याकडच्या ताटल्या, मिटलेले डोळे, तेल. तेलापाशी त्यांनी चष्मा काढून खाली ठेवला आणि धोतराच्या टोकानं डोळे पुसले. हसू ओसरल्यावर म्हणाले, "चार लोकांना इचारायचं न्हाई का?"

"विचारायला चार लोक पाहिजेत ना, साहेब."

आतून कॉफी आली. त्यांनी स्वतः ती फुलपात्रात ओतून गार केली आणि माझ्याकडे सरकवली.

"येत्या रविवारी सुगीचा सण," ते म्हणाले. "लोक शेतातलं, परसातलं आणून वाहतात, आणि ज्याला देवाचे आभार मानायचे तो उभा राहून साक्ष देतो. आज्जीनं मला सांगून ठेवलंय. ती उभी ऱ्हाणार. तुमच्या पायांबद्दल."

मी फुलपात्र खाली ठेवलं. "तुम्ही सांगा ना तिला."

"मी सांगितलं तर त्याचं प्रवचन हुईल. तुमीच सांगा."

तो आठवडा वाईट गेला. सांगितलं नाही तर एक म्हातारी सगळ्या मंडळीपुढं उभी राहून, चावऱ्या बुटांच्या एका जोडीच्या भरवशावर देवाला साक्षीला बोलावणार. सांगितलं तर तिचं हसं, तिच्या प्रार्थनेचं हसं, आणि पुढच्या रविवारी बाकावर पिशवी नसणार. खोलीत बसून प्रार्थना केली. मागायचं काय ते या वेळी बरोबर सुचलं: तिला ताप येऊ दे, म्हणजे येणार नाही. मग लाज वाटली आणि ती मागणी परत घेतली. माझी मनापासून केलेली पहिली प्रार्थना ही अशी.

सुगीच्या सणाला देऊळ उसाच्या, केळीच्या घडांच्या आणि झेंडूच्या वासानं भरलं होतं. कठड्याला नारळांची रास, एका कोपऱ्यात पाय बांधलेला कोंबडा. अज्जी लवकर येऊन बसली होती. पायाशी एक भोपळा होता, अंगावर घडीचं पातळ. मी बसलो आणि माझ्या मोडक्या कानडीत, घंटा व्हायच्या आत, सांगून टाकलं.

"अज्जी, मी धावलो ते खरं. पण मी आधीपण धावत होतो."

"आधी म्हणजे?"

"नेहमीच. पाय चांगले आहेत. पहिल्या दिवशी बूट चावले होते."

ती माझ्या बुटांकडे पाहत राहिली. "मग इथं का बसलास?"

"आमच्या गावात भाकर बाकावर येते. मला वाटलं, इथंही येते."

"आणि तेल?"

"केसांना लावलं."

तिनं हात वर करून माझ्या डोक्यावर ठेवला, बोटं नाकाशी नेली. "तरीच," ती म्हणाली. "मला वाटायचं, गुडघ्याच्या तेलाचा वास वरून कसा येतो."

घंटा झाली, गीतं झाली, वचन वाचून झालं. ती समोर खांबाकडे पाहत होती. मी दाराकडे पाहत होतो. पाळकांनी विचारलं, कुणाला आभार मानायचेत? एक शेतकरी उठला, एक बाळंतीण उठली. आणि माझ्या शेजारी काठी फरशीवर आपटली. अज्जी उभी राहिली.

ती काय बोलली ते मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं. बाकीचं पाळकसाहेबांनी नंतर सांगितलं. ती म्हणाली, "ह्या पोराचे पाय बरे कर म्हणून मी इतके महिने देवाजवळ मागत होते. आज कळलं, त्याचे पाय बरेच आहेत." लोक हसले. तिनं हसू दिलं. "देवाला ठाऊक होतं. त्यानं मला सांगितलं नाही. मला मागू दिलं. माझ्या घरात मी एकटी. कुणासाठी मागायचं, असं माझ्याकडे कुणी उरलं नव्हतं. एवढे महिने कुणीतरी होतं. त्याबद्दल आभार." आणि भोपळा पुढं नेऊन ठेव म्हणून तिनं मला खुणावलं.

मी तो भोपळा उचलून, धडधाकट पायांनी, सगळ्या मंडळीच्या मधून चालत कठड्यापर्यंत गेलो. इतकं लांब अंतर मी त्याआधी चाललो नव्हतो, त्यानंतरही नाही. परत आलो तेव्हा बाकावर माझ्या जागी पिशवी होती. तिनं ती उचलली.

मला ठाऊक होतं की कृपा हा शब्द आमच्या प्रत्येक गीतात आहे. मी तो लहानपणापासून इतका गायलो होतो की त्याचा अर्थ विचारायची गरज पडली नव्हती. इतके महिने ज्या भाकरीवर माझा हक्क नव्हता ती मला दर महिन्याला नेमानं, चालत येऊन मिळत होती, आणि ज्या पायांना काही झालं नव्हतं त्यांच्यासाठी कुणीतरी रडत होतं. मी जागा शोधत होतो. जागा धरलेली होती. मी फक्त डोळे मिटून बसलो होतो.

पुढच्या प्रभुभोजनाला अज्जीनं माझा दंड धरला. "पाय आहेत ना? मग मला पुढं ने." मागं एकदा पडून गुडघा दुखावल्यापासून ती कठड्याशी गेली नव्हती. आम्ही तिच्या चालीनं निघालो, दोघंही लंगडत; तिच्या बरोबर चालायचं तर दुसरा उपाय नव्हता. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, पुन्हा बिघडला वाटतं. तिनं गुडघे टेकले, भाकर घेतली, प्याला घेतला, आणि मग तिला उठता येईना. मी एका बाजूनं ओढलं, पंचांनी दुसऱ्या. ती उठली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता. "पुढच्या महिन्यात पुन्हा," म्हणाली.

तशी आम्ही काही वर्षं गेलो. मी एकटा राहिलो नाही असं म्हणणार नाही. खोली तीच, कब्बन पार्कातलं बाक तेच, कारखान्याच्या बसमधली शेजारची जागाही बहुधा मोकळीच. लग्न जमायचं, मोडायचं. त्यातले माझे पराक्रम वेगळे आहेत. पण दार लावून प्रार्थनेला बसलो की आवाज भिंतीला लागून परत येईनासा झाला. कुठंतरी जायचा. पोचायचा की नाही याची मी चौकशी केली नाही. अज्जीनंही केली नव्हती.

साठ साल उलटल्यावर एका पावसाळ्यात ती गेली. मातीला आम्ही थोडे लोक होतो. पंचांनी मला पहिली मूठ टाकायला पुढं केलं, घरचा माणूस म्हणून.

त्यानंतरच्या प्रभुभोजनाला मी त्याच बाकावर बसलो. आजोबा तिच्या आधीच गेले होते, सुजल्या पायांची बाई लेकीकडे राहायला गेली होती. बाकावर मीच. माझ्या शेजारी मी माझी छत्री ठेवली होती, पिशवी ठेवावी तशी. लोक उठून पुढं जाऊ लागले. मलाही उठायचं होतं. पाय चांगले होते, ते आता सगळ्या मंडळीला ठाऊक होतं. पण ते काही केल्या उठेनात. दंडाला कुणाचा हात नव्हता, आणि त्या हाताशिवाय पुढं कसं चालायचं ते मी विसरलो होतो.

सगळे परतले. मी मान खाली घातली. कठड्याकडून पावलं वाजली, पायऱ्या उतरून खाली आली, आणि खांबाला वळसा घालून माझ्यापाशी थांबली. पाळकसाहेबांनी माझ्या पायांकडे पाहिलं नाही. भाकरीचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला.

मी तो खाल्ला नाही. हातावर धरून, डोळे मिटून बसलो, आमच्या गावात बसतात तसा. शेवटच्या माणसाला मिळेपर्यंत खायचं नसतं. ढोसायला कोपर नव्हतं. पाळकसाहेब प्याला घेऊन समोर उभे होते. सगळी मंडळी खोळंबली होती. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

बऱ्याच वेळानं ते वाकले आणि माझ्या कानाशी, मराठीत, हळूच म्हणाले, "तिला मिळालीया. घ्या, खा."